मोटारीचा ड्राइव्ह शाफ्ट घरी बदलताना

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आमच्याकडे विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. कामगार चळवळीतला माणूस म्हटला की त्याने बोनस, किमान वेतन, कंत्राटी पद्धत यांवर तासभर बोलावे, चार टाळ्या घ्याव्यात आणि घरी जावे. आम्ही त्यांना कळवले की यंदा आम्ही मोटारीचा ड्राइव्ह शाफ्ट घरच्या अंगणात कसा बदलतात यावर बोलणार. त्यांनी पुन्हा विचारले. आम्ही पुन्हा तेच कळवले. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानांची प्रथा घातली, तिचा आधार घेऊन तुमच्या-आमच्या गावांतून आजवर पुष्कळ विषय बोलून झाले. मग ज्या गाडीत बसून निम्मे श्रोते सभेला येतात तिच्या पोटाखालचा एक दांडाच काय म्हणून वर्ज्य असावा, असे आम्ही म्हटले. चिटणीस हसले व त्यांनी विषय मंजूर केला.

आमच्या युनियनची एक जुनी मारुती 800 आहे, 2011 सालची. तालुक्या-तालुक्याच्या सभा, कामगार न्यायालयाच्या तारखा, कधी एखाद्या सभासदाच्या घरचे दुखणे, अशी सारी कामे तिने केली आहेत. गेल्या वर्षी तिच्यात एक आवाज निघू लागला. गाडी सरळ चालली की काही नाही. पण उजवीकडे पुरती वळवली की पुढच्या बाजूने टक्-टक्-टक् असा, जणू कोणी आतून नखाने पत्रा वाजवतो आहे. वळण संपले की आवाज बंद. पहिले काही दिवस आम्ही, सर्व गाडीमालक करतात तेच केले, म्हणजे खिडकीची काच वर केली.

हा आवाज कोठून येतो हे समजायला दांडा मुळात कशासाठी आहे ते पाहावे लागते. नावाचा थोडा घोटाळा आहे, तो आधी दूर करू. अँबॅसडर, पद्मिनी, मालमोटारी यांत इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. इंजिनाचे फिरणे मागे नेण्यासाठी गाडीच्या पोटाखालून एक लांब नळा जातो. त्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात, आणि काही जण त्यालाही ड्राइव्ह शाफ्टच म्हणतात. 1983 साली मारुती आली तिने निराळीच मांडणी घरोघर आणली. इंजिन पुढेच, पण आडवे. आणि ओढही पुढच्याच चाकांना. लांब नळा गेला. त्याच्या जागी गिअरबॉक्सच्या दोन्ही अंगांनी दोन आखूड दांडे निघाले, एक डाव्या चाकाला व एक उजव्या. आमचा आजचा विषय हे आखूड दांडे. गॅरेजात त्यांना नुसते एक्सलही म्हणतात.

आता अडचण पाहा. पुढचे चाक एकाच वेळी तीन गोष्टी करते. ते फिरते, स्टिअरिंगबरोबर डावी-उजवीकडे वळते, आणि खड्ड्यात खाली जाते, उंचवट्यावर वर येते. गिअरबॉक्स मात्र जागच्या जागी. मग सरळ दांडा दोहोंना जोडला तर पहिल्याच वळणावर काहीतरी मोडेल. म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना सांधा पाहिजे, माणसाच्या खांद्याला व मनगटाला असतो तसा. आणि तो सांधा वाकलेला असतानाही फिरणे पुढे पोचवणारा पाहिजे.

असा सांधा माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मालमोटारीच्या खाली वाकून पाहिलेत तर लांब नळ्याच्या टोकाला अधिकाच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा दिसतो; मिस्त्री त्याला क्रॉस म्हणतात. इटलीतला कार्दानो आणि सतराव्या शतकातला इंग्लंडचा रॉबर्ट हूक या दोघांची नावे या सांध्याला चिकटली आहेत. सांधा भक्कम, करायला सोपा. पण त्याच्यात एक खोड आहे. तो वाकला की फिरणे सारखे पोचवत नाही. अलीकडचा दांडा एका वेगाने फिरत असला तरी पलीकडचा एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो व दोनदा मागे रेंगाळतो. तीस अंशांचा वाक असेल आणि अलीकडे मिनिटाला शंभर फेरे असतील, तर पलीकडचा वेग सत्याऐंशीच्या आसपास उतरतो व एकशे पंधरावर चढतो. लांब नळ्याला दोन्ही टोकांस क्रॉस असतात आणि ते नीट जुळवून बसवले तर एकाची चूक दुसरा पुसतो. पुढच्या चाकाला ही युक्ती चालत नाही, कारण चाकाकडचा वाक वळणागणिक बदलतो. तेथे साधा क्रॉस बसवला तर प्रत्येक वळणावर स्टिअरिंग हातात थरथरत राहील.

या अडचणीवर विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात पुष्कळांनी डोके चालवले. त्यांतली जी तोड आज सर्वत्र टिकली ती आल्फ्रेड रझेपा या अभियंत्याची, 1920 नंतरच्या दशकातली. एक पोलादी वाटी, तिच्या आत एक पोलादी गोळा, दोहोंना सहा-सहा खाचा, आणि खाचांमध्ये सहा छर्रे. छर्रे एका जाळीदार कड्यात बसवलेले. सांधा कितीही वाकवा, हे सहाही छर्रे नेहमी दोन दांड्यांमधला कोन बरोबर निम्मा करणाऱ्या पातळीतच राहतात. येथेच सारी करामत आहे. ती पातळी दोन दांड्यांमध्ये उभ्या केलेल्या आरशासारखी समजा. आरशाच्या या अंगाला जे चालले तेच त्या अंगाला. मग एकाने पुढे धावायचे व दुसऱ्याने मागे राहायचे कारणच उरत नाही. चाळीस अंशांच्या वर वाक गेला तरी वेग तोच. 1959 साली इंग्लंडात इसिगोनिस यांची मिनी गाडी निघाली, आडवे इंजिन आणि पुढच्या चाकांना ओढ. तिच्यात हा सांधा लाखोंनी बनू लागला आणि लहान गाड्यांची घडणच बदलली. आपल्या आळीत उभ्या असलेल्या बहुतेक लहान गाड्या त्याच घराण्यातल्या.

दांड्याच्या आतल्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या टोकाचा सांधा थोडा निराळा. त्याला फार वाकावे लागत नाही, पण चाक वर-खाली झाले की दांड्याला लागणारी लांबी कमी-जास्त होते, म्हणून त्याला आत-बाहेर सरकावे लागते. पुष्कळ गाड्यांत त्यासाठी तीन लहान रूळ तीन खाचांत बसवलेले असतात. ही एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

दोन्ही सांध्यांवर रबराची चुण्याचुण्यांची टोपी असते. तिला बूट म्हणतात. आत काळे ग्रीस भरलेले. आमच्या गाडीच्या चाकाची परिमिती साधारण एक मीटर साठ सेंटिमीटर; म्हणजे ताशी साठ किलोमीटरने जाताना हा दांडा मिनिटाला सहाशेहून अधिक फेरे घेतो, आणि त्या प्रत्येक फेऱ्याला ते सहा छर्रे आपापल्या खाचांतून पुढे-मागे घासतात. ग्रीस आहे आणि धूळ नाही तोवर ते वर्षानुवर्षे कुरकुर करत नाहीत. बूट फाटला की फिरण्याच्या जोराने ग्रीस बाहेर उडते, आणि आपल्या रस्त्यांवरची धूळ व पावसाळ्यातला चिखल आत शिरतो. मग खाचा झिजतात, छर्ऱ्यांना मोकळीक मिळते, आणि वळणावर ते खाचेच्या कडेवर आपटू लागतात. तीच ती टक्-टक्. म्हणजे आवाज आला तेव्हा दुखणे नवे नसते. काही शे रुपयांचे रबर वेळेवर न बदलल्यामुळे काही हजारांचा दांडा गेलेला असतो. आम्ही चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला तेव्हा काळ्या ग्रीसचा थर बोटांना लागला. तो महिनोन्महिने तेथे होता. आम्ही पाहिला नव्हता.

परीक्षा सोपी आहे. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग एका अंगाला पूर्ण वळवून गाडी सावकाश गोल फिरवावी, मग दुसऱ्या अंगाला. टक्-टक् आली तर बाहेरचा सांधा. आणि बहुधा वळणाच्या बाहेरच्या अंगाचा, म्हणजे उजवीकडे वळताना आली तर डावा. सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरत असेल, किंवा पुढचा गिअर काढून मागचा टाकताना ठक्क असा धक्का बसत असेल, तर आतल्या सांध्याचा संशय घ्यावा. वेगाबरोबर वाढत जाणारी एकसारखी घरघर मात्र बहुधा चाकाच्या बेअरिंगची. तिच्यासाठी दांडा बदलून पैसे फुकट जातील.

येथवर ठीक. पण दांडा आपण स्वतः बदलावा काय? आमच्यापुढे हा प्रश्न दोन प्रकारांनी उभा राहिला, आणि खरे सांगायचे तर व्याख्यानाला हा विषय घेण्याचे कारण ते दोन प्रश्नच आहेत.

पहिला असा. आम्ही तीस वर्षे सभांतून सांगत आलो की कारागिराला त्याच्या हुन्नराचा मोबदला मिळाला पाहिजे. आता आम्हीच मिस्त्रीचे काम अंगणात करून त्याची मजुरी वाचवणार, म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणारच की नाही? आमच्या आळीत एक मिस्त्री आहेत, पत्र्याच्या शेडमध्ये दोन पोरे हाताशी घेऊन काम करतात. आम्ही सरळ त्यांच्याकडे गेलो व त्यांनाच विचारले. ते स्पार्क प्लग घासत होते. मान वर न करता म्हणाले, “भाऊ, तुम्ही एक दांडा बदलला म्हणून माझी चूल विझत नाही. उलट एकदा बदलूनच बघा. गिऱ्हाईक म्हणतं, दोन नट काढायचे अन् एवढे पैसे कसले? तुम्ही एकदा उताणे पडून काम केलंत की तुम्ही तरी तसं म्हणणार नाही.” मग थोडे थांबून म्हणाले, “फक्त नट घट्ट केल्यावर मला हाक मारा.”

दुसरा प्रश्न जुना आहे. 1982 च्या संपानंतर आमच्या वडिलांची गिरणी सुटली व आम्ही मुंबई सोडून गावी आलो. शाळा दहावीला संपली. सतराव्या वर्षी आम्ही हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलो. गावाचे व गॅरेजाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तशी गॅरेजे कोठेही होती. आमच्याबरोबर आणखी एक पोऱ्या होता, आमच्याहून वर्षाने मोठा. पान्यावरचा आकडा न बघता नुसत्या बोटाने माप सांगायचा. पावसाचे दिवस होते. एक गाडी नुसत्या जॅकवर उचललेली, खाली भिजलेली माती, आणि तो खाली उताणा. चाकाच्या मधला मोठा नट हलत नव्हता, म्हणून वरून मिस्त्रीने पान्याला लांब नळी लावून जोर दिला. गाडी एकदा डोलली. जॅक मातीत कलला.

आम्ही चौघांनी गाडी उचलली. त्याला एका टेम्पोत घातले, आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोचण्याआधीच तो गेला. दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद होते, तिसऱ्या दिवशी उघडले. त्याच्या घरी काही रक्कम पोचली असे ऐकले; किती, ते आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. जॅक मात्र तोच राहिला.

ही हकीकत आम्ही सहानुभूतीसाठी सांगत नाही. सांगायचे ते असे की त्या दिवशी दोन चुका झाल्या आणि त्या दोन्ही केवळ क्रमाच्या होत्या. मोठा नट गाडी जमिनीवर असताना सैल करायचा असतो, आणि उचललेली गाडी जॅकवर सोडायची नसते. हे ज्ञान कोणाला नव्हते असे नाही, मिस्त्रीला होते. पण गिऱ्हाईक बाहेर उभे होते व घाई होती. म्हणून तुम्ही घरी हे काम करणार असाल, तर आधी घाई काढून टाका. आम्ही त्यासाठी रविवार धरला. आठवड्याची ही सुटी गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1890 साली झगडून मिळवली. ती दांड्याखाली घालवली तर ते रागावणार नाहीत असे वाटते.

आदल्या दिवशी दुकानातून दांडा आणला. नुसता बूट बदलता येतो, पण आवाज सुरू झाल्यावर त्याचा उपयोग नाही. नुसता बाहेरचा सांधाही मिळतो. परंतु आमच्या दांड्याचा आतला सांधाही हाताला सैल लागत होता, म्हणून अखंड दांडाच घेतला. डावा व उजवा बहुधा सारख्या लांबीचे नसतात. टोकावरचे दाते मोजून घ्यावेत. आम्ही एका दातावर खडूची खूण करून मोजू लागलो तेव्हा दुकानदार वैतागला, पण त्याने पहिल्याने हातात दिलेला दांडा दुसऱ्याच गाडीचा निघाला. नव्या गाड्यांत ब्रेकच्या यंत्रणेसाठी सांध्याच्या पाठीवर दातेरी कडे असते, ते जुन्यासारखेच आहे ना हेही पाहावे लागते. आमच्या गाडीला ती उठाठेव नाही. दांड्याबरोबर नवा नट, गिअरबॉक्सच्या तोंडाचे नवे ऑइल सील आणि गिअर ऑइल घेतले.

गाडी सपाट फरशीवर उभी केली, हातब्रेक ओढला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. चाकाची मधली टोपी काढली. मोठ्या नटाची कड दांड्याच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, तो सुटू नये म्हणून. ती आधी बोथट छिन्नीने उचलावी लागते. पुतण्याला आत बसवून ब्रेक दाबायला सांगितला, पान्याला लांब नळी लावली, आणि चारही चाके जमिनीवर असताना नट सैल केला. नुसता सैल; काढला नाही. चाकाचे नटही थोडे सैल केले. मग जॅक लावला आणि गाडी उचलताच दोन्ही अंगांना पोलादी घोड्या दिल्या. जॅकचे काम उचलण्याचे, धरून ठेवण्याचे नाही. विटा रचून त्यावर गाडी ठेवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. वीट दाबाखाली बोलून फुटत नाही. आमची गाडी लहान, साडेसहाशे किलोच्या आसपास; पण लहान गाडीखालीही माणूस लहानच असतो. घोड्यांवर गाडी टेकल्यावर आम्ही ती दोन हातांनी जोराने हलवून पाहिली. हलायची तर आपण बाहेर असताना हलावी.

पुढचे काम मग तितकेसे अवघड नाही. चाक काढले. गिअरबॉक्सचे तेल काढून घेतले. आणि येथे एक लहानशी सूचना, आधी तेल भरण्याचे बूच उघडते की नाही ते पाहावे, मगच खालचे काढावे. नाहीतर तेल गेलेली गाडी आणि न उघडणारे बूच असे दोन्ही घेऊन बसावे लागते. चाकाचा बोकांडा ज्या खालच्या भुजेला धरलेला असतो तिचा बोल्ट काढून पहारीने भुजा खाली दाबली, म्हणजे बोकांडा बाहेर झुकवता आला. ब्रेकच्या नळीला ताण बसू दिला नाही. मोठा नट आता टोकाशी येईतो सैल केला, पण पुरता काढला नाही, आणि त्यावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडी मारली. नुसत्या दांड्यावर हातोडी मारली तर आटे मोडतात. चार ठोक्यांत दात्यांची पकड सुटली, मग नट काढून दांडा मोकळा केला.

आतले टोक काढताना नवखा माणूस दांडा धरून ओढतो. आम्हीही एकदा ओढलाच. ओढायचा नाही. आतला सांधा सरकणारा आहे हे मघाशी सांगितले ते यासाठी. ओढले तर दांडा हातात येतो आणि सांध्याची वाटी गिअरबॉक्समध्येच राहते. वाटीच्या व गिअरबॉक्सच्या फटीत पहार घालून एक हलका हिसका द्यावा लागतो. आत टोकाला एक स्प्रिंगचे तारेचे कडे असते, ते दांडा धरून ठेवते. हिसक्याने ते दबते व दांडा सुटतो. दोन्ही बाजूंचे दांडे एकाच वेळी काढू नयेत, कारण काही गिअरबॉक्समध्ये आतली चक्रे जागा सोडतात आणि मग पुढचे काम खरोखर मिस्त्रीचेच उरते.

ऑइल सील बदलले. जुने सील पोखरून काढताना बाजूचे धातूचे बूड खरवडले जाणार नाही एवढे जपावे. नव्याच्या ओठाला थोडे तेल लावावे. मग नवा दांडा जुन्याच्या शेजारी जमिनीवर ठेवून लांबी पुन्हा ताडून पाहिली आणि बसवला. आता आमची चूक सांगतो. दांडा आत गेला, दाते मिळाले, आम्ही खूश झालो. भुजा जोडली, नट चढवला, चाकही लावले. तेवढ्यात मिस्त्री आले, चहाचा पेला हातात घेऊन. त्यांनी काही पाहिले नाही, फक्त विचारले, “भाऊ, टक् असा आवाज आला का?” आम्ही म्हटले, नाही. ते म्हणाले, “मग परत उघडा.”

पुतण्याचे तोंड पाहण्यासारखे झाले. पण मिस्त्रींचे बरोबर होते. ते स्प्रिंगचे कडे आपल्या खाचेत बसले की स्पष्ट टक् आवाज होतो व हाताला कळतो. आमचा दांडा चार-पाच मिलिमीटर बाहेरच राहिला होता. तसाच चालवला असता तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात सुटला असता, तेल रस्त्यावर आणि गाडी घाटात. पुन्हा सारे उघडले. कड्याचे फाटलेले तोंड खालच्या बाजूला घेतले, दांडा सरळ रेषेत धरला आणि तळहाताने एक धक्का दिला. टक् झाले. मग सांध्याची वाटी धरून, दांडा नव्हे, वाटी, बाहेर खेचून पाहिली. हलली नाही. एका आवाजासाठी काम काढले होते आणि दुसरा आवाज येईपर्यंत ते पुरे झाले नव्हते.

आता मोठा नट. तो किती घट्ट करायचा हे अंदाजावर सोडू नये. सैल राहिला तर बेअरिंग व दाते दोन्ही खातो. वाजवीपेक्षा जास्त आवळला तर बेअरिंगवर नको तो दाब येतो व आटे ताणले जातात. गाडीच्या पुस्तकात आकडा असतो, न्यूटन-मीटरमध्ये. हे माप गूढ नाही. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला वीस किलोचे पोते टांगले तर जो पीळ पडतो तो दोनशे न्यूटन-मीटरला चार कमी. लहान गाड्यांच्या या नटाला दीडशेच्या वरचा पीळ सर्रास लागतो. हे मोजणारा पाना भाड्यानेही मिळतो. आम्ही मिस्त्रींचाच घेतला. हा शेवटचा पीळही गाडी जमिनीवर उतरवून, ब्रेक दाबून द्यायचा. जुना नट पुन्हा वापरू नये. नव्याची कड बोथट पंचाने खाचेत ठोकावी. धारदार छिन्नीने ठोकली तर ती चिरते आणि धरत नाही.

गिअर ऑइल भरले, तेही गाडी सपाट असताना, भरण्याच्या भोकातून ओघळू लागेपर्यंत. जुने तेल गटारात ओतले नाही. मिस्त्रींच्या शेडमध्ये त्यासाठी पिंप आहे. गाडी मैदानात नेऊन दोन्ही अंगांना पूर्ण वळवली. काही आवाज नाही. वीस किलोमीटर जाऊन आलो, चाकाचे नट पुन्हा तपासले, सीलखाली कागद पसरून रात्रभर ठेवला. सकाळी कागद कोरडा होता.

सकाळी आठला सुरू केलेले काम संपायला दुपारचे चार झाले. मिस्त्रींना ते दीड तासाचे. त्या रात्री पाठ टेकवता येईना, तेव्हा गिऱ्हाइकाच्या “एवढे पैसे कसले” या वाक्याचा हिशेब आम्ही पडल्या-पडल्या केला. कौशल्य म्हणजे काय, यावर आम्ही कामगार न्यायालयात पुष्कळ युक्तिवाद ऐकले व केले आहेत. त्या टक् आवाजाइतका नेमका एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे पैसे द्यायला गेलो. मिस्त्रींनी घेतले नाहीत. म्हणाले, “पैसे नकोत. तुमच्याकडच्या त्या घोड्या चांगल्या आहेत, कुठनं आणल्या?” आम्ही त्यांच्या शेडमध्ये पाहिले. एक घोडी होती, तिची खीळ हरवलेली. तिच्या जागी एक स्क्रू-ड्रायव्हर खुपसलेला. त्यांची दोन पोरे त्याखाली काम करीत होती. तीन-चार माणसांच्या शेडपर्यंत कारखान्याच्या सुरक्षिततेचे कायदे बहुधा पोचत नाहीत, आणि पोचले तरी तपासनीस पोचत नाही.

आमच्या सभासदांत वेल्डर पुष्कळ. त्यांनी रविवारी बसून जाड नळीच्या, चार पायांच्या, रुंद बैठकीच्या घोड्या करायला घेतल्या आहेत. प्रत्येकीवर दुप्पट वजन रात्रभर ठेवून पाहिल्याशिवाय एकही बाहेर द्यायची नाही, आणि खीळ साखळीने घोडीलाच बांधलेली असावी असे ठरले आहे. पहिली जोडी आमच्या मिस्त्रींच्या शेडमध्ये गेली. बाजारात तयारही मिळतात. वजनाचा आकडा ठोकलेली पाहून घ्यावी. दुसरी जोडी हमरस्त्यावरच्या गॅरेजांना न्यायची आहे, ती येत्या महिन्यात नेऊ.